सेफची आरबीडी इमेज आपल्या मशीनला डिस्क म्हणून कशी लावायची, आणि रीबूटनंतरही ती कशी राहील

परवा रात्री साडेदहाला आमच्या ज्युनियरचा फोन. "दादा, सर्व्हर रीबूट केला आणि डेटाची डिस्कच गायब झाली हो." म्हटलं डिस्क कुठे जाणार बाबा, ती त्या डब्यात कधी नव्हतीच. ती होती सेफ क्लस्टरवर, कोणीतरी (म्हणजे मीच) सहा महिन्यांपूर्वी हाताने एक कमांड मारून लावून दिलेली आणि "नंतर नीट करू" म्हणून सोडून दिलेली. ते नंतर परवा आलं. तर हे सगळं एकदा लिहूनच टाकतो म्हणजे फोनवर परत परत सांगायला नको. कमांड इथेही फोनवर सांगतो तशाच लिहितोय, टाईप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरात आणि बहुतेक स्मॉलमधे.

आधी थोडक्यात काय प्रकार आहे ते. सेफ म्हणजे सुरक्षितवालं सेफ नव्हे बरं का, ते नाव सेफॅलोपॉड म्हणजे ऑक्टोपसच्या जातीवरून आलंय. सेज वाइल नावाच्या माणसाने कॅलिफोर्नियात सांताक्रूझला पीएचडी करताना हे सुरू केलं. बऱ्याच मशीनमधल्या हार्डडिस्क एकत्र करून एक मोठा साठा बनवायचा आणि त्यातून आपल्याला हव्या त्या साईझची 'इमेज' कापून घ्यायची, ही इमेज म्हणजे आरबीडी. लिनक्स कर्नलमधे याचा ड्रायव्हर २.६.३७ पासून आहे, म्हणजे २०११ च्या जानेवारीपासून, त्यामुळे वेगळं काही कंपाईल वगैरे करायची भानगड नाही. मॅप केली, म्हणजे कमांड मारून मशीनला जोडली, की मशीनला ती साधी डिस्क वाटते, एसडीए एसडीबी असतात तशी आरबीडी०. तिच्यावर फॉरमॅट मारा, माउंट करा (एखाद्या फोल्डरला जोडा), डेटाबेस टाका, तिला काही फरक पडत नाही.

आत मात्र ती इमेज ४ एमबीच्या तुकड्यांत कापलेली असते. ५० जीबीची इमेज म्हणजे १२,८०० तुकडे, आणि नेहमीच्या सेटिंगमधे प्रत्येक तुकड्याच्या ३ कॉप्या वेगवेगळ्या मशीनवर. पण ज्या तुकड्यात काही लिहिलंच नाही तो तुकडा अस्तित्वातच नसतो, त्यामुळे नवीकोरी ५० जीबीची इमेज जवळजवळ काहीच जागा खात नाही. हे लक्षात ठेवा, पुढे जागा परत मिळवताना कामाला येतं.

क्लस्टरच्या बाजूचं काम

हे ज्याच्याकडे क्लस्टरची अ‍ॅडमिन की आहे त्याने करायचं. पूल (म्हणजे इमेजा ठेवायचा साठ्यातला कप्पा) नसेल तर

सेफ ओएसडी पूल क्रिएट डेटा
आरबीडी पूल इनिट डेटा

आणि मग इमेज

आरबीडी क्रिएट मायनस मायनस साईझ ५०जी डेटा/हिशेब

इथे 'डेटा' हे पूलचं नाव आणि 'हिशेब' हे इमेजचं.

आता की. लोक आळसाने अ‍ॅडमिनचीच की सगळ्या सर्व्हरवर कॉपी करून मोकळे होतात, म्हणजे सोसायटीतल्या प्रत्येक भाडेकरूला सगळ्या फ्लॅटची मास्टर किल्ली दिल्यासारखं. एक सर्व्हर कोणी फोडला की अख्खा क्लस्टर गेला. त्यामुळे वेगळा युजर बनवा, 'सेफ ऑथ गेट-ऑर-क्रिएट क्लायंट.हिशेब' आणि त्याला परवानगी द्या मॉनसाठी (मॉन म्हणजे मॉनिटर, क्लस्टरमधे कोण कुठे आहे ते सांगणारे) 'प्रोफाईल आरबीडी' आणि ओएसडीसाठी (प्रत्यक्ष डिस्कवर डेटा ठेवणारे) 'प्रोफाईल आरबीडी पूल=डेटा'. जुन्या लेखांत 'अलाव आर', 'अलाव आरडब्ल्यूएक्स' असं हाताने लिहायला सांगितलेलं दिसेल, ते चालतं, पण एक मेख आहे. एखादं मशीन इमेजचं लॉक धरून मेलं तर दुसऱ्या मशीनला ते लॉक तोडून आधीच्याला ब्लॉकलिस्ट करावं (क्लस्टरची बंदी घालावी) लागतं, आणि ती परवानगी त्या जुन्या ओळीत नसते. मग डिस्क मॅप होते, दिसते, पण लिहायला गेलं की सगळं लटकतं आणि का लटकतंय ते समजत नाही. प्रोफाईल आरबीडीमधे ती परवानगी आपोआप येते. मी यात एक अख्खी संध्याकाळ घालवलीय म्हणून एवढं लिहितोय.

आता आपल्या मशीनवर

सेफ-कॉमन नावाचं पॅकेज टाका. मग इटीसी/सेफ या फोल्डरमधे दोन फायली लागतात, एक सेफ.कॉन्फ ज्यात मॉनिटरांचे आयपी असतात, आणि दुसरी मगाशी बनवलेली की, तिचं नाव सेफ.क्लायंट.हिशेब.कीरिंग असं ठेवा म्हणजे कमांडला ती आपोआप सापडते. परमिशन ६००, रूटशिवाय कोणाला वाचता येता कामा नये.

फायरवॉलमधे मॉनिटरचे पोर्ट ३३०० आणि ६७८९ उघडे हवेत, आणि बहुतेक लोक इथेच थांबतात. पण डेटा मॉनिटरमधून येतच नाही, तो थेट ओएसडींकडून येतो आणि ओएसडी ६८०० पासून पुढच्या पोर्टांवर बसलेले असतात, तेही सगळे उघडे हवेत, सगळ्या ओएसडी मशीनकडे. घड्याळ पण जुळलेलं असू द्या, क्रोनी चालू ठेवा.

मग ती कमांड, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप.

आरबीडी मॅप डेटा/हिशेब मायनस मायनस आयडी हिशेब

आयडी देताना पुढे 'क्लायंट.' लावायचं नाही, नुसतं हिशेब. (मायनस मायनस नेम वापरलं तर मात्र पूर्ण क्लायंट.हिशेब लागतं, असं का केलंय देव जाणे.) सगळं जुळलं असेल तर पुढच्याच ओळीत डेव्ह/आरबीडी० असं उत्तर येतं आणि 'एलएसबीएलके' मारलं की ५०जीची एक नवी डिस्क दिसते. पहिल्यांदा बघताना जरा भारी वाटतं खरं.

नाही जुळलं तर 'डीमेसजी' म्हणजे कर्नलचा लॉग बघायचा, कमांडच्या एररपेक्षा तिथे जास्त खरं लिहिलेलं असतं. नेहमीचे प्रकार सांगतो. एरर ११० म्हणजे टाईमआऊट, मॉनिटरपर्यंत पोचतच नाहीये, आयपी नाहीतर पोर्ट बघा. एरर १ म्हणजे की किंवा परवानगीचा घोळ. आणि एरर वगैरे काही न येता कमांड नुसतीच बसून राहिली, कंट्रोल सी ला पण दाद देत नाही, तर मॉनिटर भेटलेत पण कुठल्यातरी ओएसडीचा पोर्ट बंद आहे असं समजा. हा शेवटचा प्रकार माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळा आलाय.

एरर ६ मात्र वेगळी चीज आहे, 'नो सच डिव्हाइस ऑर अ‍ॅड्रेस' असं म्हणते आणि माणूस बिचारा आयपी तपासत बसतो. खरा मुद्दा तिच्याच वरच्या ओळीत असतो, 'फीचर सेट मिसमॅच'. होतं असं की इमेज बनवताना सेफ तिला आपोआप काही फीचर लावतो, लेयरिंग, एक्सक्लुझिव्ह-लॉक, ऑब्जेक्ट-मॅप, फास्ट-डिफ, डीप-फ्लॅटन, आणि आपल्या मशीनचं कर्नल जुनं असेल तर त्याला ती सगळी कळत नाहीत. एक्सक्लुझिव्ह-लॉक कर्नल ४.९ पासून कळतं, डीप-फ्लॅटन ५.१ पासून, ऑब्जेक्ट-मॅप आणि फास्ट-डिफ ५.३ पासून. म्हणजे उबुंटू १८.०४ चं मूळचं ४.१५ कर्नल असेल तर अडकणार, २०.०४ चं ५.४ असेल तर आरामात चालणार. जुन्यावरच चालवायचं असेल तर

आरबीडी फीचर डिसेबल डेटा/हिशेब ऑब्जेक्ट-मॅप फास्ट-डिफ डीप-फ्लॅटन

मारा आणि परत मॅप करा. यातलं डीप-फ्लॅटन एकदा काढलं की परत लावता येत नाही, बाकीची दोन येतात. आणि जर्नलिंग फीचर असलेली इमेज असेल तर कर्नल ड्रायव्हर ती घेतच नाही, तिच्यासाठी आरबीडी-एनबीडी वापरायचं, 'आरबीडी डिव्हाइस मॅप मायनस टी एनबीडी' आणि पुढे तेच नाव. ते कर्नलच्या बाहेरून चालतं, त्याला सगळी फीचर कळतात, डिस्कचं नाव फक्त एनबीडी० असं येतं.

अजून एक, ज्या मशीनवर ओएसडी चालू आहे त्याच मशीनवर कर्नलवाली इमेज मॅप करू नका. मेमरी कमी पडली की कर्नल डिस्कवर लिहून मेमरी मोकळी करायला बघतो, ते लिहिणं जातं ओएसडीकडे, ओएसडीला त्याच्यासाठी मेमरी हवी, आणि दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. घरी एकाच डब्यावर शिकत असाल तर व्हर्च्युअल मशीनमधे मॅप करा.

फॉरमॅट मारण्याआधी दोन मिनिटं थांबा

नवी इमेज असेल तर फॉरमॅट लागणारच, पण आधी 'बीएलकेआयडी' मारून बघा डिस्कवर आधीच काही आहे का. काहीच छापलं नाही तर रिकामी. एक्सएफएस किंवा ईएक्सटी४ असं काही दिसलं तर हात मागे घ्या, ही कोणाचीतरी भरलेली इमेज आहे. आणि नुसत्या आरबीडी० या नावावर विश्वास ठेवू नका, तो नंबर कोण आधी मॅप झालं त्यावर पडतो, आज जी ० आहे ती उद्या १ असेल. कायम डेव्ह/आरबीडी/डेटा/हिशेब हाच लांबलचक रस्ता वापरा, यात पूल आणि इमेजचं नाव असतं त्यामुळे चुकायचा प्रश्न नाही.

'एमकेएफएस.एक्सएफएस' ला कॅपिटल के चा फ्लॅग द्या, ईएक्सटी४ असेल तर मायनस ई नोडिस्कार्ड (हा ई पण कॅपिटल). नाहीतर तो आधी अख्खी डिस्क पुसत बसतो, आणि नव्या इमेजमधे पुसायला काही नसतंच. मग फोल्डर बनवा, समजा एसआरव्ही/हिशेब, आणि माउंट करा. झालं, डिस्क लागली.

रीबूटनंतर

इथेच मी सहा महिन्यांपूर्वी घरी गेलो होतो.

हाताने केलेलं मॅप रीबूटला उडतं. नुसतं एफस्टॅबमधे (बूट होताना काय कुठे माउंट करायचं त्या यादीत) लिहून भागत नाही कारण बूट होताना ती डिस्क अजून अस्तित्वातच नसते, नेटवर्क नाही मग मॅप नाही मग डिस्क नाही, सिस्टमडी (बूट होताना सगळं सुरू करणारा प्रोग्राम) दीड मिनिट वाट बघतो आणि मशीन थेट इमर्जन्सी मोडमधे जातं, एसएसएच पण लागत नाही. हेही केलंय मी, फार पूर्वी, आणि त्यासाठी रविवारी सकाळी डेटा सेंटरला जाऊन मॉनिटर कीबोर्ड लावून बसलोय.

बरोबर पद्धत दोन फायलींची आहे. पहिली इटीसी/सेफ/आरबीडीमॅप, तिच्यात एक ओळ, आधी डेटा/हिशेब, मग स्पेस, मग आयडी=हिशेब, कॉमा, कीरिंग= आणि पुढे की च्या फाईलचा पूर्ण रस्ता. दुसरी एफस्टॅब, तिच्यात तो लांबलचक डेव्हवाला रस्ता, माउंटचा फोल्डर, एक्सएफएस, आणि ऑप्शनमधे 'नोऑटो'. नोऑटो बघून लोक म्हणतात अहो मग माउंट कसं होणार? होतं. आरबीडीमॅप नावाची सर्व्हिस नेटवर्क आल्यावर चालते, पहिली फाईल वाचून इमेज मॅप करते आणि मग एफस्टॅबमधली तिची ओळ शोधून स्वतः माउंट करते. बंद होताना उलटं, आधी अनमाउंट मग अनमॅप, आणि हे नेटवर्क जायच्या आधी, नाहीतर शटडाऊन अर्ध्यात लटकतं. फक्त

सिस्टमसीटीएल एनेबल आरबीडीमॅप

करायला विसरू नका. आणि मग खरोखर एकदा रीबूट करून बघा, दुपारी, तुम्ही जागे असताना.

आता परवाचा घोळ नीट सांगतो, कारण डिस्क न लागणं हा त्यातला छोटा भाग होता. रीबूटनंतर डिस्क माउंट झाली नाही, पण एसआरव्ही/हिशेब हा फोल्डर तर मशीनवर होताच, रिकामा. अ‍ॅप्लिकेशन सुरू झालं, त्याला फोल्डर मिळाला, त्याने खुशाल त्यात नव्या फायली लिहायला घेतल्या. दोन तास. ते सगळं मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर. मी जर तसंच वरून मॅप करून माउंट केलं असतं तर ते दोन तास खाली झाकले गेले असते आणि कोणाला पत्ताही लागला नसता. म्हणून आधी अ‍ॅप बंद करायला लावलं, त्या फायली बाजूला काढल्या, मग माउंट, मग एकेक फाईल बघून परत आत. पहाटेचे सव्वादोन.

यावर उपाय एका ओळीचा आहे. माउंट नसताना त्या रिकाम्या फोल्डरवर 'सीएचअ‍ॅटर प्लस आय' मारून ठेवा, मग त्यात रूटला पण काही लिहिता येत नाही, आणि माउंट झालं की वरच्या डिस्कला त्याचा काही त्रास नाही. डिस्क लागली नाही तर अ‍ॅप सुरू होतानाच बोंबलेल, आणि बोंबललेलं बरं. शिवाय अ‍ॅपच्या सर्व्हिस फाईलमधे 'आफ्टर=आरबीडीमॅप.सर्व्हिस' आणि 'रिक्वायर्समाउंट्सफॉर' (सलग, मधे डॅश नाही) टाका.

दोन मशीनवर एकच इमेज

सगळ्यात जास्त डेटा इथे उडतो. नेटवर्कवरची डिस्क म्हटलं की लोकांना वाटतं एनएफएससारखी असेल, चार ठिकाणी लावू. आरबीडी तशी नाही. ती खरोखरच्या हार्डडिस्कसारखी आहे, आणि एकच हार्डडिस्क दोन कॉम्प्युटरला एकाच वेळी जोडली तर जे होईल तेच होतं. एक्सएफएस काय आणि ईएक्सटी४ काय, दोघांचं गृहीत असतं की या डिस्कवर माझ्याशिवाय कोणी लिहीत नाही, मेमरीत स्वतःचा नकाशा धरून ते लिहितात, दुसऱ्याने मधेच काही बदललं तर त्यांना कळत नाही आणि काही वेळाने फाईल सिस्टमचा चुरमुरा होतो.

"पण एक्सक्लुझिव्ह-लॉक आहे ना?" हा प्रश्न मला प्रत्येक नवीन पोरगा विचारतो. आहे, पण ते लॉक मागितलं की मिळतं. एक मशीन लिहायला लागलं की त्याच्याकडे जातं, दुसऱ्याने लिहायला घेतलं की पहिलं शहाण्यासारखं सोडून देतं. बॅटन पास केल्यासारखं. एका वेळी एकानेच लिहावं एवढंच ते बघतं, दोघांनी माउंट करू नये हे बघत नाही. खरंच अडवायचं असेल तर मॅप करताना 'मायनस मायनस एक्सक्लुझिव्ह' द्या, मग लॉक सोडलं जात नाही आणि दुसऱ्या मशीनने तसंच मॅप करायला घेतलं तर त्याला तिथल्या तिथे नकार मिळतो.

"मी फक्त रीडओन्ली माउंट करून बघतो" हे पण नको. डिस्क दुसरीकडे वापरात असेल तर तिचा जर्नल (काय लिहायचंय त्याची नोंदवही) अर्धवट असतो, आणि रीडओन्ली माउंट करतानाही फाईल सिस्टम आधी तो जर्नल डिस्कवर लिहून पूर्ण करते. म्हणजे बघायला गेला आणि लिहून आला. दुसऱ्या मशीनवर बघायचंच असेल तर स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत) काढा, 'आरबीडी स्नॅप क्रिएट डेटा/हिशेब@बघायला', आणि तो स्नॅपशॉट मॅप करा, तो मुळातच रीडओन्ली असतो. माउंट करताना एक्सएफएसला आरओ, नोरिकव्हरी असे ऑप्शन द्या, त्याच मशीनवर मूळ इमेज पण माउंट असेल तर नोयूयूआयडी पण, नाहीतर तो म्हणतो हा यूयूआयडी (फाईल सिस्टमचा ओळख नंबर) आधीच आहे. स्नॅपशॉट काढायच्या आधी मूळ मशीनवर 'एफएसफ्रीझ' करून घेतलं तर आतला डेटा जास्त स्वच्छ मिळतो, फक्त अनफ्रीझ करायचं लक्षात ठेवा, नाहीतर सगळं गोठलेलं राहील आणि परत फोन मलाच.

मॅप करायच्या आधी कोणी वापरतंय का बघायला 'आरबीडी स्टेटस डेटा/हिशेब'. त्यात वॉचर म्हणून आयपी दिसतात. आयपी दिसला तर आधी त्या मशीनवर जाऊन विचारा.

वाढवणं, जागा परत देणं, काढणं

वाढवणं अगदी सोपं. 'आरबीडी रिसाईझ मायनस मायनस साईझ १००जी डेटा/हिशेब', चालू मशीनला नवी साईझ लगेच कळते, मग आत 'एक्सएफएस अंडरस्कोअर ग्रोएफएस' नाहीतर 'रिसाईझ२एफएस'. अनमाउंट पण नको. लहान करायचा विचार मात्र सोडा, एक्सएफएससाठी तर तो रस्ता नाहीच म्हणा.

फायली डिलीट केल्या तरी क्लस्टरमधली जागा आपोआप सुटत नाही, ते ४ एमबीचे तुकडे तसेच राहतात. 'एफएसट्रिम' मारल्यावर सुटतात. आठवड्यातून एकदाचा टायमर लावून ठेवा आणि आधी नंतर 'आरबीडी डीयू' मारून फरक बघा. तीन कॉप्या असतात हे विसरू नका, १० जीबी सुटले की क्लस्टरच्या डिस्कवर ३० सुटतात.

काढताना आधी अनमाउंट, मग 'आरबीडी अनमॅप' आणि तोच लांबलचक रस्ता. एरर १६, बिझी आलं तर 'एलएसओएफ' ने कोण धरून बसलंय ते शोधा. बऱ्याचदा आपलंच दुसऱ्या टर्मिनलमधलं शेल त्या फोल्डरमधे उभं असतं. नाहीतर वर एलव्हीएम बसलेलं असतं, किंवा मल्टिपाथने आगाऊपणा करून डिस्क पकडलेली असते. फोर्सचा ऑप्शन आहे, पण तो तेव्हाच जेव्हा क्लस्टरच गेलाय आणि डिस्क कधी उत्तर देणार नाहीये हे माहीत आहे, कारण न लिहिलेलं जे काही असेल ते तिथेच संपतं.

आणि मशीन क्रॅश झाल्यावर लगेच इमेज डिलीट करायला गेलात तर 'अजून वॉचर आहेत' म्हणून नाही म्हणेल. ३० सेकंद थांबा, मेलेल्या क्लायंटचा वॉच तेवढ्या वेळाने सुटतो. त्या ३० सेकंदांत इमेजचं नाव परत एकदा वाचून घ्या, पूलमधे आमच्याकडे 'हिशेब' आणि 'हिशेब-जुना' अशा दोन आहेत.